सिंह, घुबड, गाढव: देवीचं वाहन कसं वाचायचं

वेरूळच्या चौदा नंबरच्या लेण्यात, ज्याला ‘रावण की खाई’ म्हणतात, गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट आहे. त्या वाटेत भिंतीवर सात जणी ओळीनं बसल्या आहेत. सप्तमातृका. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला त्यांतली एकही ओळखता आली नाही. बरेचसे हात तुटलेले, त्यामुळे हातात काय होतं ते कळायला मार्ग नाही. चेहरे झिजलेले. दागिने सगळ्यांचे साधारण सारखेच. माझ्याबरोबर मूर्तिशास्त्र शिकणारी एक मैत्रीण होती. तिनं बॅटरीचा झोत चेहऱ्यांवरून काढून खाली आसनाकडे नेला आणि म्हणाली, “वर काय शोधतेस? पायाशी बघ.”

पायाशी एकेक छोटा प्राणी कोरलेला. हंस, म्हणून ती ब्राह्मी. बैल, म्हणून माहेश्वरी. मोर, म्हणून कौमारी. मग गरुड, वराह आणि हत्ती. म्हणजे वैष्णवी, वाराही, ऐंद्री. आणि शेवटच्या हाडकुळ्या चामुंडेपाशी घुबड. दोन मिनिटांत ती सगळी रांग नावानिशी समोर उभी राहिली. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी ज्यानं हे कोरलं, त्यानं जणू प्रत्येकीच्या खाली तिचं नाव लिहून ठेवलं होतं, फक्त अक्षरांऐवजी प्राण्यांत.

वाहनाचं हे पहिलं काम. ओळख पटवणं. दुर्गा सप्तशतीच्या आठव्या अध्यायात या मातृका रणात उतरतात तेव्हा एक सरळ नियमच सांगितला आहे: ‘यस्य देवस्य यद्रूपं यथा भूषणवाहनम्। तद्वदेव हि तच्छक्तिः’. ज्या देवाचं जे रूप, जे दागिने, जे वाहन, तेच त्याच्या शक्तीचं. ब्रह्म्याचा हंस ब्राह्मीकडे येतो, शिवाचा नंदी माहेश्वरीकडे, कार्तिकेयाचा मोर कौमारीकडे. म्हणून मातृकांची वाहनं पाहताना ‘हा मोर कसलं प्रतीक?’ हा प्रश्न थोडा पुढचा आहे. आधी तो मोर सांगतो, ही कुणाची कोण.

हे सगळं मांडायचं कारण असं, की नवरात्र आलं की फोनवर एक यादी फिरते. सिंह म्हणजे क्रोध, मोर म्हणजे अहंकार, उंदीर म्हणजे वासना, आणि देव त्यांच्यावर बसले आहेत म्हणजे त्यांनी त्या विकारांवर ताबा मिळवला आहे. यादी पाठ करायला सोपी आहे, मुलांना सांगायलाही बरी वाटते. पण एकाच साच्यात सगळे प्राणी कोंबले की प्रत्येक वाहनामागची खरी गोष्ट हरवते, आणि ती गोष्ट त्या यादीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

आधी शब्द. ‘वाहन’ हा शब्द वह् धातूचा. त्याच धातूची मुलं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ओझं वाहतो, नदी वाहते, देवाला फूल वाहतो, एखादी व्यक्ती कामाला वाहून घेते. त्यामुळे मराठी कानाला ‘वाहन’ म्हणजे निव्वळ बसायची सोय वाटायला नको. जो देवीला आपल्यापर्यंत वाहून आणतो, आणि ज्यानं स्वतःला तिला वाहिलं आहे, तो वाहन. देवळात नंदी, गरुड किंवा सिंह देवाकडे तोंड करून बसलेला असतो, त्याच्या पाठीवर बहुतेकदा कुणीच नसतं. तो तिथला पहिला भक्त असतो.

आता सिंह. महिषासुराचा त्रास असह्य झाल्यावर सगळ्या देवांच्या तेजातून देवी प्रकट होते आणि प्रत्येक जण तिला काही ना काही देतो. शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, इंद्र वज्र, वायू धनुष्य, सूर्य आपले किरण, समुद्र न कोमेजणारी कमळांची माळ. त्या लांबलचक यादीत एक ओळ येते: ‘हिमवान् वाहनं सिंहं रत्नानि विविधानि च’. हिमालयानं तिला वाहन म्हणून सिंह दिला आणि नाना रत्नं दिली. शेषाचा नागहार सोडला तर बाकी बहुतेक देणगी शस्त्रांची नि अलंकारांची आहे. हिमालय मात्र एक जिवंत जनावर देतो. डोंगर आपल्या रानातलं सगळ्यात बलवान जे आहे ते देतो, असं मी ते वाचते.

आणि हा सिंह नुसता पाठ पुढे करणारा नाही. सप्तशतीच्या सहाव्या अध्यायात धूम्रलोचन नावाचा असुर सैन्य घेऊन येतो. धूम्रलोचनाला देवी केवळ हुंकारानं भस्म करते, आणि उरलेलं सैन्य एकटा सिंह संपवतो, आयाळ झटकत. तो देवीचा सहकारी आहे, सेनापती म्हटलं तरी चालेल. ‘क्रोधाचं प्रतीक, म्हणून त्याच्यावर बसून त्याला दाबलं’ हे वर्णन त्याला लागूच पडत नाही.

सप्तशतीच्या शेवटी जोडलेल्या वैकृतिक रहस्यात तर सिंहाचा अर्थ पोथीनंच सांगून टाकला आहे. पूजा कशी मांडायची हे सांगताना म्हटलं आहे, की देवीच्या उजव्या बाजूला पुढे सिंहाची पूजा करावी. तो समग्र धर्म आहे, त्यानंच हे चराचर धारण केलं आहे. ‘धर्म’ या शब्दातला धृ धातू, म्हणजे धरून ठेवणं, तोच इथे सिंहाच्या अंगी लावला आहे. देवीला पाठीवर धरणारा तो जगालाही धरणारा. आणि डाव्या बाजूला कुणाची पूजा? मस्तक तुटलेल्या महिषासुराची. कारण देवीच्या हातून मरून त्यालाही तिच्याशी सायुज्य मिळालं. मला हा भाग फार आवडतो. एका हाताला वाहन, दुसऱ्या हाताला वैरी, आणि दोघांनाही फूल. आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो, त्याला नारळ फोडणारा माणूस घटस्थापनेलाही तितक्याच श्रद्धेनं बसतो. पोथी आणि बांध इथे एकमेकांच्या फार जवळ येतात.

इतिहासात देवी आणि सिंह ही जोडी अनेक वाटांनी आलेली दिसते. पश्चिमेकडे मेसोपोटेमियात इश्तार देवीजवळ सिंह आहे. मध्य आशियातून आलेल्या कुशाण राजांच्या नाण्यांवर नाना नावाची देवी सिंहावर बसलेली आहे. चौथ्या शतकातल्या गुप्त राजांच्या, चंद्रगुप्त-कुमारदेवीच्या सोन्याच्या नाण्यांवर मागच्या बाजूला सिंहावर बसलेली देवी आहे. मथुरेच्या कुशाणकाळातल्या महिषासुरमर्दिनीच्या बहुतेक छोट्या मूर्तींत मात्र सिंह नाही. तिथे देवी रेड्याशी जवळजवळ हातघाईवर लढते आहे. पुढे सातव्या शतकात महाबलीपुरमला पोहोचलात, की देवी सिंहावर स्वार होऊन धनुष्य ताणत पुढे निघाली आहे आणि महिष मागे सरतो आहे. म्हणजे आज ज्या जोडीशिवाय आपल्याला देवी सुचत नाही, ती जोडी हळूहळू पक्की झालेली आहे.

पण मग आपल्याकडच्या कॅलेंडरवर देवी कधी सिंहावर तर कधी वाघावर का असते? छापणाऱ्याची चूक म्हणून हे सोडून द्यावं असं नाही. नवदुर्गांतल्या कात्यायनीचा ध्यानश्लोक तिला ‘शार्दूलवरवाहना’ म्हणतो, आणि शार्दूल म्हणजे वाघ. त्याहून महत्त्वाचं, आपल्या सह्याद्रीत कुणाच्या आजोबा-पणजोबांनी सिंह पाहिला होता? वाघ पाहिला होता. गुरं नेणारा, वाट अडवणारा, रात्री डरकाळी देणारा वाघ. म्हणून घाटमाथ्यावर नि कोकणात जागोजागी वाघजाई आहे. पालघरकडे वारली वाघाच्या देवाला पुजतात. अकोले-जुन्नर भागातले महादेव कोळी अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. त्याच दिवशी गावात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. एकाच तिथीला गाय पुजायची आणि गाय खाणाऱ्यालाही पुजायचं, त्याला विनवायचं की आमच्या गुरांकडे बघू नकोस. ज्यांनी रानाशी शेजार केला त्यांनाच हे सुचू शकतं. तेव्हा इथली देवी वाघावर बसली तर ती चुकीच्या प्राण्यावर बसलेली नाही. ती इथल्या लोकांना ज्याचं भय होतं त्या प्राण्यावर बसली आहे.

बंगालमध्येही सिंह नव्हता. तिथल्या जुन्या घराण्यांच्या दुर्गापूजेत सिंहाचं तोंड घोड्यासारखं घडवतात, आजही. न पाहिलेला प्राणी श्रद्धेनं घडवायचा तर पाहिलेल्या प्राण्याची मदत घ्यावी लागते.

कोल्हापूरची गोष्ट इथेच सांगायला हवी. अंबाबाईच्या मूर्तीमागे सिंह आहे. अनेक भाविक विचारतात, ही महालक्ष्मी, म्हणजे विष्णूची पत्नी, मग सिंह कुठून आला? उत्तर मूर्तीच्याच हातांत आहे. म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी. सप्तशतीच्या प्राधानिक रहस्यात जिला सगळ्या सृष्टीचं मूळ म्हटलं आहे, त्या महालक्ष्मीचं वर्णन हेच आहे, अगदी शब्दाला शब्द. तिच्यातून पुढे महाकाली आणि महासरस्वती झाल्या, आणि लक्ष्मी तिच्याकडूनच उत्पन्न झाली, असं ते रहस्य सांगतं. म्हणजे ‘महालक्ष्मी’ हे नाव ऐकून आपण जी कमळातली लक्ष्मी डोळ्यांसमोर आणतो, ती आणि ही एक धरली की सिंह परका वाटतो. सिंहाकडे नीट पाहिलं तर उलट तोच आपल्याला योग्य देवीकडे नेतो. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाई त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते. त्या दिवशी तिची पूजा हत्तीवर अंबारीत बसलेली, गजारूढ बांधतात. तुळजापूरच्या छबिन्यात, म्हणजे देवीच्या रात्रीच्या मिरवणुकीत, आई वेगवेगळ्या वाहनांवरून मिरवते. मुंबईत मुंबादेवीचं वाहनही वारांप्रमाणे बदलतं. एका देवीला एकच वाहन, असा आग्रह परंपरेनं कधी धरलेला नाही.

लक्ष्मी आणि घुबड या जोडीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण यात एका मुक्या जिवाचा प्रश्न आहे. लक्ष्मीचं वाहन घुबड, हे आपण सगळे सामान्यज्ञानासारखं सांगतो. पण श्रीसूक्तात ती ‘अश्वपूर्वां रथमध्यां हस्तिनादप्रबोधिनीम्’ आहे, पुढे घोडे, मधे रथ, हत्तींच्या नादानं जागी होणारी. देवीकवचात ‘लक्ष्मीः पद्मासना’, ती कमळावर बसलेली. भारहूत-सांचीच्या दगडांवर दोन हत्ती तिला सोंडेनं न्हाऊ घालताहेत. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या फोटोतही कमळ आणि हत्तीच असतात. घुबड ठळकपणे येतं ते बंगालच्या पूजेत. तिथे पांढुरक्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याच्या घुबडाला ‘लक्ष्मी पेंचा’ असंच नाव आहे. याला आपण गव्हाणी घुबड म्हणतो. हे घुबड घराच्या माळ्यावर, पडक्या वाड्यात, धान्याच्या कोठाराजवळ राहतं आणि रात्रभर उंदीर मारतं. भातावर जगणाऱ्या मुलखात कणगीतलं धान्य ज्यानं राखलं, तो पक्षी लक्ष्मीच्या पायाशी बसला, यात गूढ असं काही नाही. शेतकऱ्याला हे प्रतीक समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र घुबड म्हणजे अपशकुन. ‘घुबडासारखा काय बसलायस’ ही शिवी. वेरूळला ते चामुंडेपाशी आहे, स्मशानाशी जोडलेलं. म्हणजे त्याच पक्ष्याला बंगालचं कोठार एक अर्थ देतं आणि लेण्यातला अंधार दुसरा. या दोन अर्थांची भेसळ होऊन एक भयंकर गोष्ट घडते. लक्ष्मी घुबडावर येते, म्हणून दिवाळीच्या सुमारास घुबडाचा बळी दिला की ती घरात कायमची राहते, अशी अंधश्रद्धा देशाच्या काही भागांत आहे, आणि तिच्यापायी घुबडं पकडली जातात, विकली जातात, मारली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. जो तिला वाहून आणतो त्यालाच मारलं तर ती येणार कशावर बसून? एवढा साधा प्रश्न त्या माणसाला कुणीतरी विचारायला हवा.

सरस्वतीचं वाहन हंस की मोर, यावर शाळेत वाद घातलेला मला आठवतो. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ या श्लोकात तर दोन्ही नाहीत, ती ‘श्वेतपद्मासना’ आहे. हंस तिच्याकडे ब्रह्म्याच्या नात्यानं आला. दूध नि पाणी वेगळं करणारा म्हणून विवेकाचा अर्थ त्याला जडला, आणि इथे ही प्रतीकाची भाषा खरोखरच जुनी आहे, संस्कृत काव्यात मुरलेली. फक्त तो हंस कॅलेंडरवरचा, लांब वाकड्या मानेचा पांढराशुभ्र युरोपी पक्षी नसावा. हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा कवींच्या हंसाच्या जास्त जवळचा आहे. हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठी गेलात तर त्यांचे थवे दिसतात. मानससरोवराकडून येणारा पक्षी ही कल्पना तिथे उभं राहिल्यावर कल्पना उरत नाही.

मोराला आपल्या घराघरांत रूढ करण्यात मोठा वाटा राजा रविवर्म्याचा. त्याच्या सरस्वतीजवळ मोर आहे. १८९४ साली त्यानं मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे मळवलीला हलला, आणि तिथून निघालेल्या रंगीत तसबिरी सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यात पोहोचल्या. त्याआधी देव पाहायचा तर देवळात जावं लागे, किंवा घरातले छोटे टाक असत. तसबीर आली आणि एका चित्रकाराची निवड हजारो घरांची श्रद्धा झाली.

मोरामुळे फसगतही होते. वेरूळच्याच सहा नंबरच्या लेण्यात एक देवी आहे, शेजारी मोर, खाली पोथी वाचत बसलेला विद्यार्थी. येणारा प्रत्येक जण हात जोडून म्हणतो, सरस्वती! पण ते बौद्ध लेणं आहे आणि ती महामायूरी, सर्पदंशापासून राखणारी. मोर साप खातो, म्हणून मोर. बत्तीस नंबरच्या जैन लेण्यात आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे, नेमिनाथांची यक्षी, आणि तिला लोक इंद्राणी म्हणत आले. एकाच डोंगरात तीन धर्मांनी तेच प्राणी वापरले, अर्थ मात्र आपापला ठेवला. म्हणून प्राणी पाहून नाव सांगण्याआधी आपण कुणाच्या घरात उभे आहोत ते पाहावं लागतं.

आणि गाढव. माझ्या मते सगळ्या वाहनांत हे सर्वांत धीट. शीतलाष्टकात देवीचं रूप असं आहे: ‘रासभस्थां दिगम्बराम्। मार्जनीकलशोपेतां शूर्पालङ्कृतमस्तकाम्॥’ गाढवावर बसलेली, अंगावर वस्त्र नाही, हातात केरसुणी आणि पाण्याचा कलश, डोक्यावर मुकुटाच्या जागी सूप. आपल्या समाजात गाढवावर बसवणं ही शिक्षा होती, धिंड काढायची. आणि ही आई आपणहून त्यावर बसली आहे.

ही शितळा म्हणजे देवीच्या रोगाची देवी. मराठीनं तर रोगालाच ‘देवी’ म्हटलं. ‘त्याला देवी आल्या होत्या’, ‘तोंडावर देवीचे व्रण आहेत’, ‘देवी टोचायला आलेत’. माझ्या आजीच्या दंडावर टोचल्याच्या दोन गोल खुणा होत्या, रुपयाएवढ्या, मधे कातडी सुरकुतलेली. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत विचारायची, हे काय? ती म्हणायची, “देवी टोचली.” मला कितीतरी दिवस वाटायचं, खुद्द देवीनं येऊन टोचलंय. तिच्या पाठची एक बहीण देवीत गेली होती. तिचं नाव घेताना आजी हात जोडायची, तो नमस्कार बहिणीला होता की शितळेला, ते मला कधी कळलं नाही.

त्या काळातल्या आईच्या जागी उभं राहून ते रूप पाहा. मूल तापानं फणफणलंय, अंगभर फोड, अंगाला कपडा सहन होत नाही. करण्यासारखं काय, तर घर झाडणं, थंड पाणी, आणि सुपानं वारा घालणं. देवीच्या हातात तेवढंच आहे. आणि गाढव गावाच्या कडेला, उकिरड्याजवळ राहणारं, कुंभाराची माती नि बेलदाराचे दगड वाहणारं. त्याला ओझं नाकारता येत नाही. गाढविणीचं दूध लहान मुलांना पाजावं, असा लोकांचा समज पूर्वीपासून आहे, ते दूध विकणारे आजही गावोगाव फिरतात. घरातला दाह, घाण, आजार वाहून गावाबाहेर नेणारं जनावर याहून कोणतं असणार? नवदुर्गांतली कालरात्रीही ‘खरास्थिता’, गाढवावरच आहे, आणि तिचंच दुसरं नाव शुभंकरी. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आसामात करीमगंजला सापडला, १९८० साली जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग गेला. मुंबईत माहीमला आणि पालघरजवळ केळव्याला शितळादेवीची देवळं आहेत, श्रावण शुद्ध सप्तमीला आजही बायका तिची पूजा करतात, मुलं धडधाकट राहावीत म्हणून.

वाहन नसलेल्या देव्याही विसरू नयेत. माहूरची रेणुका म्हणजे केवळ मुख आहे, शेंदराचं, भलंमोठं. धडच नाही, तर वाहन कुठून असणार? गावोगावच्या तांदळ्यांचं, म्हणजे शेंदूर लावलेल्या बिनघडीव दगडांचं, तसंच. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वतीही हंसामोराशिवायच असते. देवीला हात-पाय, चेहरामोहरा मिळाला की मग वाहन येतं. त्याआधीही ती असतेच.

शेवटी पंचांगातली वाहनं, कारण लोकांच्या मनात सर्वांत जास्त धास्ती यांचीच असते. नवरात्रात देवी कशावर बसून येते, ते घटस्थापनेच्या वारावरून ठरवतात, बंगालात सप्तमीच्या वारावरून. रविवार-सोमवार असेल तर हत्ती, मंगळवार-शनिवार घोडा, गुरुवार-शुक्रवार डोली, बुधवार नाव. हत्ती आला तर पाऊस चांगला, घोडा आला तर राज्यावर संकट, नाव सिद्धी देणारी आणि डोली मरणाची. २०२४ साली ३ ऑक्टोबरला गुरुवारी घट बसले तेव्हा ‘देवी पालखीतून येतेय’ म्हणून किती घाबरवलं गेलं! पुढच्या वर्षी २२ सप्टेंबरला सोमवार होता, तर हत्ती आला आणि सगळे निवांत झाले. शेती, लढाई, साथ या तीन गोष्टींची काळजी घेऊन जगणाऱ्या जुन्या समाजानं आठवड्याच्या सात वारांवर मांडलेला हा ठोकताळा आहे. त्याकडे त्यांची काळजी म्हणून प्रेमानं पाहता येतं. पण दर वर्षी कुठला ना कुठला वार असणारच, आणि गुरुवार-शुक्रवारनं कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

संक्रांतीचं गणित थोडं वेगळं. तिथे संक्रांत हीच एक देवी कल्पिली आहे, आणि सूर्य मकरेत शिरतो त्या क्षणी कोणतं करण चालू आहे त्यावर तिचं वाहन ठरतं. करण म्हणजे अर्धी तिथी. अशी अकरा करणं, म्हणून अकरा वाहनं. बव करणाला सिंह, बालवाला वाघ, कौलवाला डुक्कर, तैतिलाला गाढव, गरजाला हत्ती, वणिजाला रेडा, विष्टीला घोडा, आणि उरलेल्या चार करणांना कुत्रा, मेंढा, बैल, कोंबडा. वाहनाबरोबर उपवाहन, वस्त्राचा रंग, हातातलं शस्त्र हेही त्याच कोष्टकातून येतं. मग ज्या रंगाचं वस्त्र संक्रांतीनं नेसलंय तो रंग आपण नेसायचा नाही, असं घरोघरी सांगतात.

२०२५ची संक्रांत बालव करणावर आली. वाहन वाघ, वस्त्र पिवळं. माझ्या आत्याकडे एक पिवळी पैठणी आहे, पदरावर बांगडी मोर, ती दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसायची. त्या वर्षी तिनं ती कपाटातून काढलीच नाही. २०२६ला सूर्य मकरेत शिरला तेव्हा पुन्हा बालवच होतं. पुन्हा वाघ, पुन्हा पिवळं. त्या दिवशी मी पंचांग घेऊन तिच्याजवळ बसले, एकादशी किती वाजता संपते, तिची अर्धी कधी होते, दुपारी सव्वातीनला कुठलं करण येतं, ते बोटांवर मोजून दाखवलं. ती चष्मा लावून सगळं बघत होती.

“म्हणजे थोडा वेळ इकडे-तिकडे झाला असता तर वाहन दुसरंच आलं असतं?”

“हो ना.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग उठली, कपाट उघडलं, पैठणीच्या घडीतल्या कापराच्या वड्या बदलल्या, पदरावरच्या मोरांवरून हात फिरवला आणि ती तशीच परत ठेवली. “कळलं गं,” ती म्हणाली, “पण सासूबाईंना मी शब्द दिलाय. ही रथसप्तमीला नेसेन.” आणि तिनं काळी चंद्रकळा बाहेर काढली.